जुन्या तसबिरी आणि चित्रं ओलीपासून कशी जपायची: मराठवाड्यातल्या घरांसाठी, टप्प्याटप्प्यानं

घटस्थापनेच्या आठवडाभर आधी घरातली जळमटं निघतात, भांडी घासली जातात, गोधड्या गच्चीवर वाळत पडतात. त्याच झपाट्यात भिंतीवरच्या तसबिरीही उतरतात. ओल्या फडक्यानं पुसायच्या, तासभर उन्हात टेकवायच्या आणि संध्याकाळी नुकताच चुना दिलेल्या भिंतीवर परत लावायच्या. पन्नास-साठ वर्षं टिकलेलं चित्र या एका दिवसात बिघडलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे. करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, चुकतो तो क्रम.

दुसरी चूक म्हणजे कोकणातला सल्ला इथे जसाच्या तसा वापरणं. तिथे हवा बहुतेक वर्षभर दमट असते. आपल्याकडे वैशाखातल्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते आणि श्रावणात बंद खोलीत ती ऐंशीच्या वर जाते. चित्राला खरा मार बसतो तो या हेलकाव्याचा. तैलचित्राच्या कॅनव्हासवर रंगाच्या खाली सरसाचा थर असतो. तो ओलीत फुगतो आणि कोरड्यात आकसतो. वरचा रंग मात्र वयानं कडक झालेला असतो, त्याला ही ओढाताण झेपत नाही. आधी बारीक तडे जातात, मग तड्यांच्या कडा वाटीसारख्या वर उचलल्या जातात आणि शेवटी खपल्या पडतात. कागदही असाच फुगतो आणि आकसतो. चारही बाजूंनी चिकटवलेला असेल तर तो लाटा धरतो किंवा फाटतो.

म्हणून खालचा क्रम मोडू नका.

१. आधी चित्र कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

भिंग आणि बॅटरी घ्या. चित्र भिंतीवरच राहू द्या.

कॅनव्हासवरचं तैलचित्र मागून ओळखू येतं: कापडाची वीण, लाकडी चौकट, कोपऱ्यात पाचरी. देवादिकांची जुनी छापील चित्रं म्हणजे ओलिओग्राफ बऱ्याचदा वार्निश लावलेली आणि वर कॅनव्हाससारखा पोत उठवलेली असतात, त्यामुळे लोक त्यांना तैलचित्र समजतात. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले आणि मागे कागद किंवा पुठ्ठा असेल तर ते छापील आहे. काहींवर जरतार आणि टिकल्या शिवलेल्या असतात. तिथे कापड, धातू आणि कागद ओलीत वेगवेगळे वागतात, म्हणून जास्त जपायला लागतं.

तिसरी जात आपल्याकडच्या वाड्यांमध्ये सर्वात जास्त सापडते आणि तिच्याकडेच सर्वात कमी लक्ष जातं. ती म्हणजे फोटो मोठा करून त्यावर हातानं रंग दिलेली आजोबा-पणजोबांची चित्रं. चेहरा खाली फोटोचा असतो. गालावर गुलाबी छटा, पागोट्यावर किंवा नथीवर जाड रंग दिलेला असतो. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. ओल लागली की ते मऊ होतं आणि समोरच्या काचेला चिकटतं.

काचेवर उलट्या बाजूनं रंगवलेलं चित्र असेल तर त्याचा रंग काचेच्या आतल्या बाजूला असतो. ते कधीही मागून पुसू नका.

तपासणी: बॅटरी बाजूनं, तिरपी धरा. रंगाच्या खपल्या उचललेल्या दिसतात का? काचेमागे ओलसर दिसणारे गडद, चकचकीत डाग आहेत का? तिथे चित्र काचेला चिकटलेलं असतं. या दोन्हीपैकी काहीही दिसलं तर टप्पा २ आणि ३ करा आणि थांबा. पुढचं काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या कलाकृती दुरुस्त करून जपणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं आहे.

२. खोली आणि भिंत मोजा

"आमच्याकडे ओल नाही" हे अंदाजानं सांगू नका. आर्द्रता दाखवणारं साधं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं. ते घेतल्यावर आधी त्याचीच परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. पाणी वर साचू देऊ नका. हे झाकण आणि यंत्र एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात आठ-दहा तास ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्रानं ७० दाखवले तर ते पाच कमी दाखवतं. हा फरक कागदावर लिहून यंत्राला चिकटवा.

मग यंत्र चित्राच्या शेजारी ठेवा, खोलीच्या मधोमध नको. सकाळी, दुपारी, रात्री असे आठवडाभर आकडे लिहा. ४५ ते ६० च्या दरम्यान आणि फार न हलणारा आकडा उत्तम. ६५ च्या वर तो दिवसच्या दिवस राहिला की बुरशीला जागा मिळते. एकाच दिवसात वीस-पंचवीसचा फरक पडत असेल तर सरासरी चांगली असूनही ती जागा वाईट.

कूलरचं वेगळं सांगायला हवं, कारण ते कुणाच्या ध्यानात येत नाही. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून पाणी पीत येणारी हवा बंद खोलीत सोडली की भर उन्हाळ्यात त्या खोलीत पावसाळा तयार होतो. दुपारी कूलर बंद केला, दार उघडलं, की तासाभरात सगळं परत कोरडं. माझ्या बहिणीच्या परभणीच्या घरी जलरंगातलं एक निसर्गचित्र कूलरच्या समोरच्या भिंतीवर होतं. तीन उन्हाळ्यांत त्याचा कागद पापडासारखा वाकडा झाला. त्या भिंतीवर पावसाची ओल कधी आलेली नव्हती. कूलर लावायचाच तर समोरची खिडकी उघडी हवी, आणि चित्र त्या झोताच्या वाटेत नको.

आता भिंत. वीतभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली हवा दमट आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि लोक इथेच गल्लत करतात. भिंतीतून येणारी ओल खिडक्या उघडून जात नाही. दगड-मातीच्या जाड भिंतीत ती जमिनीतून वर चढते, आणि तिथे लोणा लागून पांढरी बुकणी सुटते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वरून ऑइलपेंट दिला की ओल आणखी वर सरकते, नेमकी तसबिरीच्या उंचीला.

इशारा: चुना किंवा रंग नुकताच दिलेल्या भिंतीवर किमान महिनाभर चित्र लावू नका. हाताला भिंत कोरडी लागते, पण आतून ती पाणी सोडतच असते.

३. मुहूर्त बदला

चित्रं उघडण्याचं काम दिवाळीनंतर ते होळीच्या आत करा. तेव्हा हवा ना दमट असते, ना कागद तडकावा इतकी कोरडी. परतीचा पाऊस घटस्थापनेच्या पुढेही रेंगाळतो आणि तेव्हा बंद केलेल्या चौकटीत ओल आत अडकून राहते. नवरात्राच्या साफसफाईत चित्रांना फक्त वरून कोरडा, मऊ ब्रश फिरवा, बाकी काही नको.

उतरवण्याआधी फोटो काढा: समोरून, तिरप्या उजेडात, मागून आणि प्रत्येक डागाचा जवळून. मागच्या चिठ्ठ्या, शिक्के, कुणी शाईनं लिहिलेलं नाव यांचाही. एका वहीत चित्राची लांबी-रुंदी आणि कुठे काय बिघडलं आहे ते लिहा. पुढच्या वर्षी तोच डाग वाढला की तेवढाच आहे, हे फक्त या वहीवरून कळेल.

४. उतरवणं आणि मागून उघडणं

दोघांनी उतरवा. जुनी सुतळी किंवा तार कुजलेली असते, म्हणून तिला धरून उचलू नका. खालची कड आणि एक बाजू धरा. आधी एका मोठ्या टेबलावर जाड, स्वच्छ चादर घालून ठेवा. जमिनीवर काम नको. पाय पडतो, पाणी सांडतं, घरातली लहान मुलं येतात.

एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. जुन्या रंगांमध्ये शिसं, पारा, आर्सेनिक असू शकतं आणि तसबिरीच्या मागे वर्षानुवर्षांची बुरशी असते. काम झाल्यावर हात साबणानं धुवा.

काच असलेली चौकट पालथी ठेवा. मागची कागदी पट्टी धारदार पात्यानं कापा. खिळे पक्कडीनं एकेक करून चित्राच्या समांतर दिशेनं ओढा. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका, तो घसरला की सरळ चित्रात जातो. मागे बहुतेक वेळा वर्तमानपत्र, तपकिरी पुठ्ठा किंवा लाकडाची पातळ फळी निघते. हे तिन्ही कालांतरानं आम्ल सोडतात. फळीच्या रेषा चित्रावर तपकिरी होऊन उमटलेल्या दिसतील. वर्तमानपत्रावर तारीख असेल तर तो तुकडा पाकिटात वेगळा जपा, चित्र केव्हा बसवलं त्याचा तो पुरावा आहे.

काचेवरून चित्र उचलताना एक कोपरा किंचित उचलून बघा. अडलं तर तिथेच थांबा. ओढू नका, वाफ देऊ नका, सुरी घालू नका, पाण्यात तर अजिबात टाकू नका. अंबाजोगाईच्या एका वाड्यात पणजोबांचं असं रंगवलेलं चित्र काचेपासून सोडवण्यासाठी घरच्यांनी पाण्यात भिजवलं. मी पोहोचलो तेव्हा डोळ्यांपासून मिशीपर्यंतचा भाग काचेवर होता आणि टेबलावर कोरा कागद. चिकटलेलं चित्र काचेसकट, काच खाली ठेवून, सपाट तसंच जपता येतं. त्या अवस्थेत ते वर्षानुवर्षं टिकतं.

कॅनव्हास असेल तर पाचरी ठोकून ताणायचा मोह आवरा. जुना कॅनव्हास ताणला की रंग सुटतो. मागच्या खालच्या पट्टीत आणि कापडाच्या फटीत मात्र बघा. तिथे गिलाव्याचे खडे, मेलेले किडे, खिळे साठतात आणि पुढून फुगवटा दिसतो. जाड कागदाची पट्टी सरकवून ते हलकेच बाहेर काढा.

५. कोरडी सफाई, आणि फक्त कोरडीच

रुंद, मऊ केसांचा नवा ब्रश घ्या. मेकअपचा चालतो, रंगकामाचा वापरलेला नको. चित्र किंचित तिरपं धरून वरून खाली, हलक्या हातानं धूळ झटका. खाली व्हॅक्यूमची नळी कमी जोरावर धरा आणि तिच्या तोंडावर मलमलीचा तुकडा बांधा. एखादी खपली सुटली तर ती मलमलीवर अडकेल आणि वाचेल. कापडानं पुसू नका, उचललेल्या खपल्या सुताच्या धाग्यात अडकतात.

कागदाच्या कोऱ्या कडांवर मळ असेल तर पांढरं खोडरबर किसणीवर किसा, तो भुगा बोटाच्या टोकानं अलगद फिरवा आणि ब्रशनं पूर्ण झटका. रंगावर हे करायचं नाही.

आता जे करू नये ते. चिरलेला बटाटा, कांदा, पावाचा गर यांनी चित्र चोळू नका. त्यातली साखर आणि पिष्ट मागे राहतं आणि झुरळांना आमंत्रण मिळतं. खोबरेल किंवा जवसाचं तेल लावल्यावर चार दिवस चित्र उजळ दिसतं, मग त्या तेलावर धूळ बसते आणि ते पिवळं पडतं. वार्निश घरी लावू नका. यासाठी दूर जायला नको, अजिंठा आपल्याच मराठवाड्यात आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी तिथल्या भिंतीचित्रांवर लाखेचं, म्हणजे शेलॅकचं लुकण दिलं. ते पुढे पिवळट-तपकिरी होत गेलं आणि काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षं खटपट करावी लागली. ते लोक त्यांच्या काळातले जाणकार होते, तरीही असं झालं.

माझ्याही हातून झालं आहे. आजीकडच्या लक्ष्मीच्या चित्रावरचा कुंकवाचा शिंतोडा मी ओल्या कापसानं टिपायला गेलो. कापूस लाल झाला तेव्हा वाटलं कुंकू निघालं. मग तो हिरवा झाला. पदराचा अर्धा काठ त्या बोटभर कापसावर आला होता. कुंकू, हळद, तेलाचे डाग चित्राचा इतिहास म्हणून राहू द्या.

६. बुरशी, कसर, वाळवी

पांढरी, राखाडी, पावडरीसारखी आणि गोल पसरलेली वाढ म्हणजे बुरशी. ती ओली असताना पुसू नका, कागदात घुसते. चित्र सावलीत, वारा खेळत्या खोलीत सपाट ठेवा. पंखा चालू असावा, पण त्याचा झोत भिंतीकडे हवा. दोन-चार दिवसांत ती कोरडी पडून भुकटी होते, मग टप्पा ५ प्रमाणे व्हॅक्यूमखाली झटका. हे शक्यतो घराबाहेर पडवीत करा. कागदावरचे तपकिरी ठिपके झटकून जात नाहीत आणि ब्लीचनं तर कागदच जातो. ठिपके राहू द्या, फक्त वाढू देऊ नका.

उन्हात वाळवणं हा आपला हातचा उपाय आहे. पापड-कुरडयांना तो ठीक. चित्र ऊन लागताच एका बाजूनं सुकतं, वाकतं आणि रंग उडतो.

कागदाचा वरचा पापुद्रा खरवडल्यासारखा दिसला तर ती कसर. तिला पिष्टाची खळ आणि दमट अंधार लागतो. म्हणून जुने कारागीर खळीत मोरचूद घालायचे. कीड राहते दूर, पण मोरचुदातलं तांबं कागद आतून जाळतं. चौकटीत डांबरगोळ्या ठेवू नका. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कडक वाळवून, पोटलीत आणि चित्राला न लागता ठेवा. ओला पाला म्हणजे तुम्ही स्वतः आत नेलेली ओल.

वाळवीची मातीची नळी भिंतीवर दिसली तर चित्र तत्काळ दुसऱ्या खोलीत हलवा आणि वाळवीचा बंदोबस्त भिंतीत करा. औषध चित्रावर किंवा चौकटीवर फवारू नका.

७. परत चौकटीत बसवणं

हे काम फ्रेमवाल्याकडे करून घेणार असाल तर दुकानात बसून करून घ्या. चित्र सोडून येऊ नका. माझ्या मावशीच्या तसबिरीची खालची छापखान्याच्या नावाची पट्टी "चौकटीत बसेना" म्हणून एका दुकानात कापली गेली आणि कचऱ्यात गेली. आधीच तीन गोष्टी सांगा: कड कापायची नाही, हार्डबोर्डवर चिकटवायचं नाही, लॅमिनेशन करायचं नाही.

मग आतून बाहेर असा क्रम ठेवा. चित्राच्या मागे आम्लमुक्त माउंटबोर्ड, म्हणजे आम्ल न सोडणारा जाड पुठ्ठा. चित्र त्यावर गोंदानं नव्हे, तर आम्लमुक्त कागद दुमडून केलेल्या चार कोपऱ्यांत बसवायचं, म्हणजे त्याला फुगायला-आकसायला जागा राहते. सेलोटेप कुठेही नाही. पुढे मधे चित्रापुरती खिडकी कापलेला तसाच पुठ्ठा, म्हणजे माउंट, किंवा कडेनं तीन-चार मिलिमीटरची पट्टी, ज्यामुळे काच चित्राला टेकणार नाही. या एका पट्टीनं काचेला चिकटण्याचं संकट टळतं. काच धुतली असेल तर ती रात्रभर उभी करून वाळवा. सर्वात मागे फ्लेक्सवाल्यांकडे मिळणारी सनपॅकची शीट लावा. ती पॉलीप्रोपिलीनची असते, पाणी पीत नाही आणि आम्ल सोडत नाही. कडा कागदी टेपनं बंद करा.

कॅनव्हासला पुढून काच लागत नाही. मागून मात्र हीच शीट चौकटीला स्क्रूनं लावा. भिंतीची ओल आणि धूळ अडवायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

तपासणी: चौकट उभी करून तिरपा उजेड टाका. काच आणि चित्र यांच्यामध्ये कडेनं सावलीची रेघ दिसली पाहिजे.

८. जागा

पावसाचा मारा येणारी बाहेरची भिंत, न्हाणीघराला लागलेली भिंत, माळवद किंवा पत्रा गळतो ती बाजू आणि देवघराच्या वरची जागा बाद. निरंजनाची काजळी तेलकट असते, ती कोरड्या ब्रशनं निघत नाही. घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत सर्वात चांगली.

चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या बोटभर जाड चकत्या लावा. वर दोरीमुळे चित्र थोडं पुढे झुकतं. अशी मागून हवा खेळते. भिंतीला घट्ट बसलेल्या चित्राच्या मागे हवा थंड आणि कोंडलेली राहते, आणि ओल आधी तिथेच धरते.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी उघड्या चौकटीमागे खोचून काही होत नाही. ते सगळ्या खोलीच्या हवेतली ओल शोषायला जातं आणि दोन दिवसांत थकतं. घट्ट झाकणाच्या डब्यात कागदी चित्रं सपाट ठेवणार असाल तरच वापरा. ओल धरली की नारिंगीचं हिरवं होणारं घ्या आणि हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० अंशांच्या आसपास तापवून परत नारिंगी करा. लोखंडी ट्रंक पावसाळ्यात आतून घामेजते. चित्रं तिच्यात ठेवायचीच असतील तर तळाशी लाकडी पट्ट्या हव्यात.

९. भिजलंच तर

छत गळालं, पाणी शिरलं, तर पहिले ४८ तास महत्त्वाचे. त्यानंतर बुरशी धरते.

कॅनव्हास शोभेच्या चौकटीतून काढा, पण आतल्या लाकडी चौकटीवरून काढू नका. रंग वर ठेवून, चार कोपऱ्यांखाली विटा देऊन, आडवा ठेवा. खालून वारा लागला पाहिजे. रंगाला काहीही टेकवू नका. कागदी चित्र काचेपासून सहज सुटत असेल तर ओलं असतानाच वेगळं करा, वाळताना ते चिकटतं. चित्राखाली प्लास्टिकचा कागद सरकवून दोन्ही हातांनी उचला, कोपरा धरून नाही. टीपकागदावर चित्र वर करून ठेवा आणि खालचा टीपकागद तासातासाला बदला. रंग पसरत असेल तर वरून काहीही टिपू नका. इस्त्री नको, हेअरड्रायर नको.

खपल्या पडत असतील, काचेला चिकटलेलं असेल किंवा कॅनव्हास फाटला असेल, तर एवढं करून प्रशिक्षित संवर्धकाला गाठा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेची संवर्धन केंद्रं आहेत आणि लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळा आहे. फोनवर बोलताना टप्पा ३ मधली वही आणि फोटो जवळ ठेवा. पहिला प्रश्न हाच येतो की हे आधी कसं दिसत होतं. पडलेल्या खपल्या वेचून, चित्राचा कोणता कोपरा ते वर लिहून, एका पाकिटात ठेवा आणि ते पाकीट चित्रासोबत पाठवा.